सोललेली बारा झाडं

त्या वर्षी मार्चात बर्फ पडला तो ओला. कोरडा बर्फ झाडाचं काही वाकडं करत नाही, वारा आला की झडून जातो. ओला मात्र फांदीला धरून बसतो आणि चढत जातो. दोन दिवस आमच्या घरावरच्या उतारावरून काडकाड आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा माझा धाकटा भाऊ एगिद वर जाऊन आला, बूट न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसला. एरवी मी त्याला बुटासकट हाकलला असता. पण त्याचं तोंड बघून राहू दिलं.

"चाळीसएक शेंडे मोडलेत, ताई," तो म्हणाला. "आता किडा येणार."

किडा म्हणजे सालीखालचा. गव्हाच्या दाण्याहून बारीक, तपकिरी. मोडकं झाड त्याला वासानं कळतं. आधी त्यात शिरतो, सालीखाली पोरंबाळं वाढवतो, आणि सहा-सात आठवड्यांनी ती पोरं बाहेर पडली की धडधाकट उभी झाडं धरतात. शेजारच्या किलियानचा उतार आदल्याच उन्हाळ्यात असा गेला. जूनमध्ये हिरवागार, सप्टेंबरात तांबडा. लाकडाचा ठेकेदार वुर्झिंगर यानं तिथं मशीन घालून सगळं भुईसपाट केलं. मग हिवाळ्यात वरून सुटलेले धोंडे किलियानच्या गोठ्याची भिंत फोडून आत आले. आमचं घर तर उताराच्या अगदी पायथ्याशी. वर स्प्रूसची साडेतीन हजार झाडं धोंडे धरून उभी आहेत, म्हणून आम्ही खाली सुखानं जेवतो.

आणि तरी एगिदनं वुर्झिंगरलाच बोलावलं!

"खाल्लेलं लाकूड निळं पडतं, मग कुत्रं विचारत नाही," तो मला म्हणाला. "हिरवं आहे तोवर देऊन टाकू. धोंड्यांना भिंत बांधू."

"भिंत बांध! किलियाननं पण बांधली होती," मी म्हटलं.

वुर्झिंगर आला, उतार चढून गेला, टोपी मागं सारून घाम पुसत खाली आला. चांगला धिप्पाड गडी, हात असा मिळवतो की बोटं मोजून घ्यावीत. "घेईन तर सगळं घेईन," म्हणाला. "निवडून निवडून तोडायला माझं मशीन म्हणजे काय न्हाव्याची कात्री आहे?"

नेमकी तेव्हा ईस्टरच्या सुट्टीला आमची कोर्डुला घरी होती. एगिदची मुलगी, वीस वर्षांची. आई गेली तेव्हा चार वर्षांची होती, मीच वाढवली. वनशास्त्राच्या कॉलेजात दुसरं वर्ष चाललं होतं तिचं. एगिदला ते कॉलेज कधी पटलं नव्हतं. "झाडं पाडायला कॉलेज!" हे तो चारचौघांत म्हणायचा आणि फी भरायच्या दिवशी मुकाट्यानं बँकेत जायचा.

कोर्डुला ठेकेदाराच्या पुढ्यात उभी राहिली. "बाबा, मला जूनच्या मध्यापर्यंत द्या," ती म्हणाली. "किड्याची पहिली पिलावळ तेव्हा उडते. तोवर मी ती आवरली तर रान राहिलं. नाही आवरली तर तुम्ही सही करा, मी अडवणार नाही."

"आणि आवरणार कशी? शिट्टी मारून?" वुर्झिंगर हसला.

"त्याला जेवायला घालून," ती म्हणाली.

एगिदनं दोघांकडे बघितलं. मग वुर्झिंगरला म्हणाला, "पंधरा जूनला ये. कागद घेऊन ये." एवढंच. त्याच्या तोंडून एवढं निघालं तरी खूप झालं.

कॉलेजात त्यांना वर्षभरात एका खऱ्या रानाचा आराखडा करावा लागतो. कुठली झाडं ठेवायची, कुठली काढायची, लाकूड कुठल्या वाटेनं खाली आणायचं, सगळं त्यात. कोर्डुलानं आमचाच उतार घेतला होता. मेअखेर तिच्या मॅडम येऊन तपासणार होत्या. सुट्टीत तिनं मोडलेली झाडं बापाबरोबर खाली ओढून आणली. मग उताराच्या कडेकडेनं, सावलीत, बारा धडधाकट झाडं निवडली, त्यांना लाल रंगाचा पट्टा मारला आणि एगिदकडून ती पाडून घेतली. फांद्यांसकट तिथंच आडवी ठेवली. मी त्या वेळी गाईंपाशी होते. मला कुणी काही बोललं नाही. आणि ती परीक्षेला निघून गेली, तीन आठवड्यांसाठी.

आता पुढचं मीच केलं, तेव्हा मीच सांगते.

आमच्याकडे पाडलेलं झाड असं पसरून ठेवत नाहीत. माझी आई फांद्या गोळा करून ढीग लावायची, ढिगाच्या कडा पायानं सारख्या करायची. एप्रिल संपायच्या आत रानात पडलेलं प्रत्येक खोड सोललेलं पाहिजे, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत. त्या रविवारी चर्चबाहेर किलियानची बायको मला म्हणते कशी, "बुर्गी, तुमच्या रानात काय सांडलंय गं? रस्त्यावरून दिसतं."

सांडलंय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि अशा रानात कॉलेजची मॅडम येणार, आमच्या पोरीला मार्क देणार! एगिद ते तीन आठवडे रोज किलियानच्याच गोठ्याची भिंत उभी करायला जात होता, अंधारून आल्यावर यायचा. मी गाईंचं उरकलं, भिंतीवरचं साल काढायचं पातं उतरवलं, लांब दांड्याचं, आईच्या वापरातलं. दगडावर धार लावली आणि वर गेले.

एप्रिलात साल ओली असते. पातं खाली घातलं की चरचर करत हातभर पट्टी सुटून येते, आत खोड पांढरंशुभ्र, ओलं, गुळगुळीत. तीन दिवसांत बारा झाडं. त्रेसष्ट वर्षांची होते मी. दुपारी तिथंच काळी भाकरी आणि धुरावलेलं डुकराचं मांस खायचे, पाठ झाडाला टेकून दहा मिनिटं डोळे मिटायचे. फांद्यांचे बारा ढीग लावले, कडा सारख्या. चौथ्या दिवशी मला कमरेतून वाकता येत नव्हतं. पण खालून रस्त्यावरून बघितलं आणि म्हटलं, आता बोल म्हणावं किलियानच्या बायकोला.

मग मेच्या पहिल्या आठवड्यात एकाएकी उष्मा चढला. बारा दिवस तोच. दुसऱ्या शनिवारी कोर्डुला आली. पिशवी दारात टाकली आणि थेट वर निघाली. मी मागोमाग, तिचा चेहरा बघायला.

ती पहिल्या खोडापाशी थांबली. दुसऱ्यापाशी गेली. मग लांबूनच बाकीची बघितली.

"आत्या, हे कुणी केलं?"

"मी!" मी म्हटलं. अशी छाती काढून. "तीन दिवसांत बाराच्या बारा. एगिदला अजून पत्तासुद्धा नाही."

ती त्या पांढऱ्या खोडावर बसली. गुळगुळीत लाकडावरून हात फिरवला. मला वाटलं, पोरीला भरून आलं.

"आत्या, ही त्याच्यासाठी मांडलेली होती," ती हळू म्हणाली. "किड्यासाठी. पाडलेल्या झाडाचा वास आला की तो आधी तिथं येतो. सगळे या बारांत शिरले असते. मग मी ती सालीसकट उचलून रानाबाहेर नेणार होते. साल नसलेल्या झाडात तो शिरत नाही. आता तो उडाला असणार, आणि उभ्या झाडांत गेला असणार."

माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. आयुष्यात मी खूप चुका केल्या, पण एवढी मेहनत घेऊन केलेली ही एकच. लाज अशी वाटली की पायाखालचा उतार मला घेऊन खाली गेला असता तर बरं झालं असतं.

एगिद वर आला. त्यानं बघितलं, त्याला लगेच कळलं. कारण त्याला माहीत होतं! पोरीनं त्याला सगळं सांगितलं होतं, आणि या माणसानं घरात येऊन मला एक शब्द सांगितला नव्हता.

"संपलं," तो म्हणाला. "वुर्झिंगरला फोन करतो."

"पंधरा जून कुठे झालाय?" कोर्डुला उभी राहिली, पँटला लागलेला चीक चोळत. "किडा गायब नाही झाला बाबा. इथंच आहे. कुठल्या झाडात आहे ते बघायचं आणि पोरं उडायच्या आत ते झाड काढायचं. पाच आठवडे आहेत."

"साडेतीन हजार झाडांत बघणार?"

"साडेतीन हजार झाडांत."

"एकटी?"

"नाही," मी म्हटलं. "दोघी."

तिनं कॉलेजला फोन करून कळवलं की आराखड्याचं उरलेलं काम रानातच करते. रविवारी सकाळी तिनं उतारावर दोरी लावून पट्टे पाडले, वरपासून खालपर्यंत, दहा दहा पावलांचे. किडा सालीत शिरताना भोक पाडतो आणि भुसा बाहेर लोटतो. बारीक, तांबूस, कॉफीच्या पुडीसारखा. तो बुंध्याशी पडतो, सालीच्या खवल्यांवर साचतो. प्रत्येक झाडापाशी गुडघे टेकायचे, ब्रशनं पाला बाजूला करायचा, चारी बाजूंनी बघायचं. भुसा दिसला की खडूनं फुली. नसला तर पुढचं झाड.

मी गुडघ्यांना गोणपाट बांधलं. उतार असा की गुडघे टेकले तरी माणूस घसरतं, डाव्या हातानं मूळ धरून ठेवावं लागतं. पहिल्या दिवशी आम्ही दीडशे झाडं बघितली आणि नऊ फुल्या मारल्या. हाताला लागलेला चीक लोण्यानं काढायचा, तेवढंही त्राण नव्हतं. मी तशीच चिकट हातांनी मक्याचा सांजा खाल्ला. चमचा हातालाच चिकटला तेव्हा कोर्डुला हसली. त्या शनिवारनंतर पहिल्यांदा हसली.

एगिद दोन दिवस आलाच नाही. खाली गवताच्या यंत्राशी खुटखुट करत राहिला. तिसऱ्या दिवशी करवत घेऊन आला, पहिल्या फुलीपाशी उभा राहिला.

"हे?"

"ते," कोर्डुला म्हणाली. "वरच्या अंगाला पाडा. खाली तरणी रोपं आहेत."

त्यानं करवत खाली ठेवली. "मी चाळीस वर्षं खालच्या अंगाला पाडतोय."

"म्हणून खालच्या अंगाला रोपं नाहीत."

मी पाल्यात तोंड घातलं. एगिद तिच्याकडे बघत राहिला, कान लाल झाले. मग झाडाला वळसा घालून वरच्या अंगाला गेला आणि तिकडून खाच घेतली. झाड जसं पोरीनं सांगितलं तसं पडलं, एक रोप मोडलं नाही. पुढच्या झाडापाशी तो आपणहून वर गेला.

चौथ्या दिवशी पाऊस आला. पावसात भुसा धुऊन जातो, काही दिसत नाही. दोन दिवस आम्ही खिडकीशी बसलो. कोर्डुला वहीत उताराचा नकाशा काढून फुल्या मांडत होती, आणि मी पायमोजे रफू करता करता तिच्याकडे बघत होते. शेवटी मला राहवेना.

"मला शिव्या तरी दे," मी म्हटलं.

"काय उपयोग?" तिनं वर बघितलंच नाही. "आत्या, तुझी नजर लांबची चांगली ना?"

"म्हातारीची असते तशी. जवळचं धूसर."

"मग जवळून बघू नको."

पाऊस थांबला त्या सकाळी मी खरंच दोन पावलं लांब उभी राहिले. ऊन तिरपं होतं. सालीच्या भेगांत कोळ्यांची जाळी असतात, ती पावसानं ओली होऊन चमकत होती. बहुतेक पांढरी. एकात मात्र तांबूस पूड अडकलेली, माझ्या छातीच्या उंचीवर. खाली बुंध्याशी काही नव्हतं, पावसानं नेलेलं.

"कोर्डुला!" मी असं ओरडले की करवतीनं कुणाचा हात कापला असं वाटून ती धावत आली.

तिनं जाळं बघितलं, माझ्याकडे बघितलं, वही काढून लिहून घेतलं. "हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही," ती म्हणाली. त्या दिवशी मी गुडघे एकदाही टेकले नाहीत आणि साडेतीनशे झाडं बघितली.

पाडलेली झाडं ट्रॅक्टरच्या तारेनं एगिद रस्त्याकडेला ओढायचा. पण ओढून काय, किड्याची पोरं सालीत जिवंतच. ठेवली असती तर तिथून उडाली असती. कोर्डुलानं आईचं ते पातं माझ्या हातात आणून दिलं.

"आता सोल, आत्या. मनसोक्त."

आणि सोललं मी. सालीच्या आतल्या अंगाला बारीक बारीक बोगदे, त्यांत पांढऱ्या अळ्या. उन्हात पडल्या की तासाभरात सुकून जायच्या. चूक करताना तीन दिवस जी कंबर गेली होती तीच आता महिनाभर वाकत होती आणि कुरकुर करत नव्हती. एगिद एकदा पाण्याला थांबला, मी एका दमात काढलेली वावभर पट्टी त्यानं उचलून बघितली. "आईच्या हातून अशी निघत नव्हती," म्हणाला आणि गेला. मला ते चार दिवस पुरलं.

मेअखेर मॅडम आल्या. प्राध्यापक श्टाइनवेंडर, पन्नाशीच्या, माझ्याहून जाड बूट घातलेल्या. आल्या तशा उतारावर चढल्या, धाप न लागता. बारा पांढरी खोडं बघून थांबल्या.

"ही काय?"

"आमिषाची झाडं होती," कोर्डुला म्हणाली. "किडा यायच्या आधी सोलली गेली."

"सोलली गेली? आपोआप?"

मी पुढं झाले. "मी सोलली. मला ठाऊक नव्हतं. तिचे मार्क कापू नका, हवं तर मला शिक्षा करा."

"आत्या, थांब," कोर्डुला म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "चूक आराखड्यातली आहे. मी त्यात तार लिहिली, करवत लिहिली, ट्रॅक्टर लिहिला. या रानात साठ वर्षं कोण वावरतं ते लिहिलं नाही. झाडांना लाल पट्टे मारले आणि ते कशासाठी हे घरात कुणाला सांगितलं की नाही, ते बघितलं नाही. बाबांना सांगितलं की झालं असं धरून चालले."

एगिद खाली बघून बुटानं माती उकरत होता. बरं झालं.

मॅडमनी सगळे पट्टे बघितले, फुल्यांचा नकाशा बघितला. जाळ्याचं वाचून माझ्याकडे आल्या आणि मला दाखवायला लावलं. जाताना विचारलं, "ती बारा झाडं तीन दिवसांत? एकटीनं?"

"एकटीनं."

"पुढच्या वर्षी पोरांना सोलायला शिकवायला याल का? आमच्याकडे जो शिकवतो त्याला एका झाडाला सकाळ लागते."

मी म्हटलं, गाईंना विचारून सांगते.

जूनच्या बारा तारखेपर्यंत उतार तीनदा पालथा घालून झाला. पहिल्या फेरीत एकावन्न झाडं निघाली, दुसरीत सतरा. तिसऱ्या फेरीत तीन. ती तीनही एगिदनं त्याच संध्याकाळी पाडली आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोलली.

पंधरा तारखेला वुर्झिंगर आला. गाडीतून उतरला, बगलेत कागद, आणि मान वर करून शेंडे बघायला लागला. त्याला तांबडं बघायचं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. हिरवं होतं. काळपट, जाडजूड, हिरवं.

"अजून दिसायचं असेल," तो म्हणाला. "जुलैत दिसतं."

"वर जाऊन बघ," एगिद म्हणाला. "मी थांबतो."

गेला. तासाभरानं आला तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला आणि कागद अजून बगलेतच. "बरं, मग काय करायचं म्हणतोस, एगिद?"

"मला काय विचारतोस?" एगिद म्हणाला. "आराखडा तिचा आहे."

मी दारात उभी होते. हातातली बादली खाली ठेवली. हा माणूस आपली टोपी कुठे ठेवायची तेही दुसऱ्याला ठरवू देत नाही.

कोर्डुला गाडीपाशी गेली. "उभं विकायचं नाही," ती म्हणाली. "रस्त्याकडेला सोललेलं पडलंय ते घेऊन जा. एकाहत्तर झाडं. कोरडं, स्वच्छ, निळा डाग नाही. हवं असेल तर आत्ता मोजू."

वुर्झिंगरनं सोललेल्या खोडांवरून हात फिरवला. लाकूड त्याला कळतं, ते मी नाकारत नाही. त्यानं गाडीतून जाडी मोजायचा लोखंडी चिमटा काढला, पहिल्या खोडाच्या मधोमध लावला. "चौतीस."

"आता आडवा लावा," कोर्डुला म्हणाली.

"काय?"

"उतारावर वाढलेलं झाड गोल नसतं. अंड्यासारखं असतं. तुम्ही अरुंद बाजू धरलीत. दोन्ही बाजू मोजायच्या आणि मधलं धरायचं."

"पोरी, मी तीस वर्षं लाकूड मोजतोय."

"ते तुमच्या चौतीसवरून कळतंच आहे," ती म्हणाली.

 तो मोठ्यानं हसला, चिमटा फिरवून आडवा लावला आणि वाकून बघितलं. "अडतीस," म्हणाला, जरा नाखुशीनं.

"छत्तीस धरा." तिनं वही उघडली. "आता लांबी."

ती मोजपट्टी ओढत खोडाच्या शेंड्याकडे निघाली. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. मी निघालेच होते, पण एगिद आधी पोचला. त्याचा उजवा गुडघा वाकत नाही, चर्चमध्येसुद्धा तो उभाच राहतो. तो बुंध्यापाशी हात टेकून एका अंगावर खाली बसला, पट्टीचं टोक लाकडाच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरलं आणि मान वर करून पोरीकडे बघत राहिला.

"शून्य धरलंय," तो ओरडला. "तू बोल."